घरात सर्दी एकच, पण बाळाचा उपाय वेगळा आणि आजोबांचा वेगळा

वाचकांचं पत्र: "आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर घरात एकेक करून सगळ्यांना सर्दी झाली. आधी चार वर्षांच्या मुलीला, मग मला आणि यांना, मग सासऱ्यांना (वय ७२, बीपी आणि शुगर दोन्ही), आणि आता आठ महिन्यांच्या बाळाला. बाळाचं नाक चोंदतं, दूध ओढता येत नाही, रात्रभर रडतं. सासूबाई म्हणतात, नाकात सरसोंच्या कोमट तेलाचे दोन थेंब घाल, ओवा-लसणाची धुरी दे आणि मधात हळद कालवून चाटव. त्यांची सगळी मुलं अशीच वाढली. सासरे दिवसातून तीनदा ज्येष्ठमध घातलेला काढा घेतात. यांनी व्हिडिओ बघून जलनेती (मिठाच्या पाण्याने नाक धुणं) केली, तर नाकात आग झाली आणि नंतर कान दुखला. रात्री खोलीत सिगडी असते. मुलीच्या मागच्या आजारपणातली अँटिबायोटिकची उरलेली बाटली फ्रिजमध्ये आहे, ती द्यावी का? घरचेच उपाय करायचे आहेत, पण कुठले करावेत आणि कुठले नकोत ते नीट सांगा."

ताई, आधी आज रात्रीचं सांगतो, बाकीचं नंतर. सिगडी झोपायच्या खोलीतून बाहेर काढा. जानेवारीत ग्वाल्हेरची थंडी कशी असते आणि धुकं पडलं की दुपारीसुद्धा हात कसे गारठतात, ते तुम्हाला सांगायला नको. खोली उबदार हवी हेही खरं. पण बंद खोलीत कोळसा अर्धवट जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. सुरुवातीला डोकं जड होतं, मळमळतं, अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटतं. घरात आधीच सर्दी असली की हे सगळं सर्दीचंच वाटतं आणि कुणाला शंका येत नाही. बाळाचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, म्हणून त्याला हा वायू लवकर बाधतो. निखाऱ्यांवर राख टाकली तरी वायू निघतच राहतो. विजेचा हीटर लावून झोपण्याआधी खोली गरम करा, मग बंद करा आणि बाळाला एक जास्तीचा थर घाला. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल, तर दार-खिडकी लावून तिथे वाफ कोंडून बसणंही याच कारणाने जिवावर बेतू शकतं.

आता सर्दीचं. सर्दी दोनशेहून जास्त विषाणूंपैकी कुठल्याही एकाने होते, आणि त्यातला सगळ्यात नेहमीचा जो ऱ्हायनोव्हायरस, त्याचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत. म्हणून ती पुन्हा पुन्हा होते. लहान मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं हे काही कमजोरीचं लक्षण नाही. पहिल्या दिवशी घसा खवखवतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेला पोचतो, मग शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा होतो आणि सात ते दहा दिवसांत बहुतेक सगळं ओसरतं. खोकला मात्र दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. काढा, मध, वाफ, मिठाचं पाणी, यांतलं काहीही विषाणूला मारत नाही. नाक मोकळं करणं, घसा ओला ठेवणं आणि झोप लागू देणं, एवढंच त्यांचं काम, आणि त्या दहा दिवसांत तेवढं पुष्कळ असतं. म्हणूनच जो उपाय आराम देत नाही आणि धोका मात्र देतो, तो करायचं कारणच उरत नाही. आणि धोका कुणाला, हे वयावर आणि आधीच्या आजारांवर ठरतं. मोठ्यांना चालणारी वस्तू बाळाला चालेलच असं नाही.

बाळापासून सुरू करू. या वयातलं बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाक बंद असलं की दूध ओढताना श्वास घेता येत नाही, म्हणून ते दोन घोट घेऊन सोडतं आणि रडतं. भूक असते, पण पिता येत नाही. त्यामुळे दूध पाजायच्या आधी नाक मोकळं करणं हाच बाळाचा खरा उपाय.

केमिस्टकडून बाळाचे सलाइनचे नाकातले थेंब आणा. बाटलीवर सोडियम क्लोराइड ०.६५ टक्के एवढंच लिहिलेलं असलं पाहिजे. शेजारच्याच खणात तशीच दिसणारी झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनची बाटली असते. ती नाक झटकन उघडते, पण बाळाला तिने गुंगी येऊ शकते, श्वास आणि हृदयाचे ठोके मंद पडू शकतात. घरात मोठ्यांसाठी अशी बाटली असेल तर ती वेगळ्या कपाटात ठेवा, रात्रीच्या अंधारात चुकीची हाताला लागते.

दूध पाजायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाटली दोन मिनिटं मुठीत धरून कोमट करा. थंडगार थेंब पडले की बाळ दचकतं आणि पुढच्या वेळी मान फिरवतं. बाळाला मांडीवर उताणं घ्या, खांद्याखाली घडी केलेला पंचा ठेवा म्हणजे मान किंचित मागे जाईल. प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब टाका, टोक नाकाला न लावता. मग मिनिटभर थांबा. हे थांबणं बहुतेक जण विसरतात, आणि सुकलेला शेंबूड मऊ व्हायच्या आतच ओढायला लागतात. एवढ्यात बाळ शिंकलं तर फारच उत्तम, मऊ कापडाने पुसून घ्या. नाहीच निघालं तर रबरी फुग्याचं सक्शन वापरा. फुगा आधी बाहेर दाबायचा, टोक नाकपुडीच्या तोंडाशी टेकवायचं आणि मग हळूहळू सोडायचा. आत नेऊन दाबला तर हवा शेंबडाला आणखी आत ढकलते. दिवसातून तीन-चारदा पुरे. जास्त वेळा ओढलं की आतली त्वचा सुजते आणि नाक आणखीच बंद होतं. दर वेळी साबणाच्या गरम पाण्याने धुवा. दूध पाजल्यानंतर लगेच हे करू नका, ओकारी होते.

दूध थोडं थोडं, पण जास्त वेळा पाजा. आठ महिन्यांचं आहे, तर मधूनमधून उकळून निवलेलं कोमट पाणी, मुगाच्या वरणाचं पाणी, मऊ भात चालेल. झोपवताना उताणं आणि सपाट गादीवरच झोपवा. नाक चोंदलंय म्हणून डोक्याखाली उशी ठेवायचा मोह होतो. या वयात उशीने मान वाकून श्वास अडकू शकतो. जागेपणी छातीशी उभं धरून फिरवलं की त्याला तसाही आराम मिळतो.

सासूबाईंचे तीन उपाय. त्यांचा हेतू प्रेमाचाच आहे, आणि त्यांची मुलं अशी वाढली हेही खरं. पण या तिन्ही गोष्टींत बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि जेव्हा होतं तेव्हा घरी सावरता येत नाही.

नाकात तेल नको, सरसोंचं नको, खोबरेल नको, तूपही नको. पाणी चुकीच्या वाटेने गेलं की बाळ खोकतं. तेल गुळगुळीत असल्याने खोकला न येताच फुफ्फुसात उतरतं आणि तिथे साठून न्यूमोनिया करतं, जो साध्या औषधांना दाद देत नाही.

धुरी नको. धूर ओव्याचा असला तरी धूरच, आणि आधीच सुजलेल्या श्वासनलिकांना तो आणखी डिवचतो. कापराची पुरचुंडी गळ्यात किंवा झबल्याला बांधायची असेल तर तीही नको. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि कापूर थोडासा पोटात गेला तरी झटके येतात.

मध वर्षाच्या आत अजिबात नको, बोटावरचा एक थेंबही नको. मधात कधीकधी क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांना वाढायला जागा मिळत नाही. बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि विष तयार करतात. मग शी होत नाही, रडणं क्षीण होतं, पापण्या जड होतात, मान सावरत नाही, दूध ओढायची ताकद जाते. मध गरम केल्याने किंवा दुधात उकळल्याने हे बीजाणू मरत नाहीत. गुटी मधात उगाळत असाल तर तीही बंद. शिवाय गुटीतल्या जायफळाने गुंगी येते आणि वेखंडाने उलट्या होऊ शकतात. सर्दीतलं बाळ नीट जागं आहे की नाही हे कळणं फार गरजेचं असतं.

सासूबाईंच्या हाताला मात्र काम द्या. बाळाच्या पायांना, पाठीला कोमट खोबरेल किंवा तिळाच्या तेलाचा हलका मसाज त्यांच्याइतका कुणाला जमणार नाही, आणि त्याने बाळ शांत झोपतं. सरसोंचं तेल काही बाळांच्या त्वचेला झोंबतं, म्हणून ते टाळा.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला आली पाहिजे: बाळाचे श्वास मोजणं. बाळ झोपलेलं किंवा शांत असताना झबलं वर करा आणि पोटाकडे बघा. पोट वर येऊन खाली गेलं की एक. घड्याळ लावून पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चूक होते, कारण बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिने ते एक वर्ष वयाला मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांना ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद. रडून झाल्यावर किंवा ताप असताना आकडा वाढतो, म्हणून थोड्या वेळाने पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही जास्तच आला, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ज्याला आपल्याकडे 'पसली चालणं' म्हणतात, तर सकाळची वाट बघू नका. ओठ निळसर दिसणं, श्वासाबरोबर कण्हणं, नेहमीच्या निम्म्याहूनही कमी दूध, सहा-आठ तास लघवी न होणं, उठवूनही नीट जागं न होणं, यांतलं एकही दिसलं तरी तेच. रात्री कमलाराजा रुग्णालयात जाता येतं. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

मुलगी चार वर्षांची आहे, म्हणजे तिला मध चालतो, आणि रात्रीच्या खोकल्यावर घरच्या उपायांत मधाइतका चांगला दुसरा नाही. झोपण्याच्या अर्धा तास आधी अर्धा ते एक छोटा चमचा, नुसता किंवा कोमट पाण्यात, आणि मग दात घासणं. आपल्याकडे मुरैनाचा मध बराच मिळतो, मोहरीच्या फुलांचा. तो थंडीत साखरेसारखा बसतो, आणि लोक भेसळ समजून टाकून देतात. मोहरीच्या मधात ग्लुकोज जास्त असतं म्हणून तो लवकर बसतो, त्यात बिघडलेलं काही नसतं. बरणी कोमट पाण्यात ठेवा, पातळ होईल.

खोकल्याचं बाटलीतलं औषध आपण होऊन देऊ नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात लहान मुलं दगावली. खोकल्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेलं निघालं आणि मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने सूचना काढली की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली सहसा त्यांची गरजच नसते. शुद्ध औषधाचाही या वयात फारसा फायदा होत नाही, हे लोकांपर्यंत पोचायला हवं तितकं पोचलेलं नाही.

तापाला पॅरासिटामॉल चालेल, पण वजनावर: किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत एका वेळी, दोन मात्रांत किमान सहा तास. १५ किलोच्या मुलीला २२५ मिलिग्रॅमपर्यंत. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं आणि २५० मिलिग्रॅमचं अशी दोन्ही सिरप मिळतात, आणि 'मागच्या वेळी दोन चमचे दिलं होतं' म्हणून तेच दिलं की दुप्पट मात्रा जाते. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय चमचा भरू नका. बाम लावायचा तर छातीवर, कपड्याखाली, थोडासा. नाकाखाली कधीच नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला तोही नको, म्हणजे मुलीला लावल्यावर हात धुऊनच बाळाला घ्या.

यजमानांच्या जलनेतीचं मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण नीट केली तर मोठ्यांच्या चोंदलेल्या नाकाला याहून चांगला घरचा उपाय नाही, आणि बिघडते ती तीन-चार ठरलेल्या ठिकाणीच.

आग झाली ती मिठाच्या प्रमाणामुळे. आपल्या शरीरातल्या द्रवाएवढं खारट पाणी नाकाला कळतही नाही. त्याहून अळणी असलं तर नाकातल्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि झोंबतं. खारट असलं तर जळजळतं. बरोबर प्रमाण म्हणजे एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ. घरातले चमचे लहानमोठे असतात, म्हणून सिरपच्या बाटलीबरोबर येणारं ५ मिलिलिटरचं माप घ्या: बारीक मिठाने सपाट भरलेलं दीड माप एक लिटरला. चिमूटभर खायचा सोडा घातला तर आणखी सौम्य होतं. आयोडिनचं मीठ काहींना चुरचुरतं. त्यांनी सैंधवाची बारीक पूड घ्यावी आणि पाणी स्वच्छ फडक्यातून गाळावं.

पाणी उकळलेलंच हवं, यात सवलत नाही. तिघरा धरणातून येणारं नळाचं पाणी असो, गच्चीवरच्या टाकीतलं असो की आरओचं. अशा पाण्यात क्वचित नेग्लेरिया नावाचा अमिबा असतो. तो प्यायला गेला तर काही करत नाही, नाकातून गेला तर मेंदूपर्यंत पोचतो, आणि मग रुग्ण फार क्वचित वाचतो. खळखळ उकळी आल्यावर आणखी तीन-चार मिनिटं उकळा, झाकून निवू द्या. उकळून पाणी थोडं आटतं, म्हणून मीठ आधी न घालता उकळल्यानंतर मोजून घाला. वापरताना मनगटाच्या आतल्या बाजूला जेमतेम कोमट लागलं पाहिजे. गार पाण्याने कपाळ ठणकतं. उरलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्या, आणि नेतीचं पात्र उकळत्या पाण्याने धुऊन पालथं वाळवा.

बेसिनवर पुढे वाकायचं, डोकं एका बाजूला कलतं, तोंड उघडं, श्वास तोंडानेच. वरच्या नाकपुडीत पाणी सोडलं की खालच्या नाकपुडीतून आपोआप येतं. घशात उतरत असेल तर मान मागे गेली आहे, हनुवटी थोडी आत घ्या. आणि नाक पूर्ण बंद असेल तर जोर लावू नका. नाकाच्या मागून एक नळी कानाकडे जाते. जोराने लोटलेलं पाणी किंवा नंतर जोरात शिंकरल्याने शेंबूड त्या नळीत शिरतो आणि कान दुखतो. यजमानांचं बहुधा हेच झालं असणार. आधी वाफ घेऊन नाक थोडं उघडू द्यावं, मग नेती. नंतर एका वेळी एकच नाकपुडी, तीही हलकेच शिंकरावी. झोपण्याच्या तोंडावर करू नये, पाणी उरलेलं असतं. कान अजून दुखत असेल तर तूर्त नेती बंद आणि कान दाखवा.

वाफ फक्त मोठ्यांनी घ्यावी. पातेलं आधी स्थिर टेबलावर ठेवायचं, मग त्यात पाणी ओतायचं. उकळतं पातेलं उचलून आणताना किंवा मांडीवर धरताना होणारे भाजण्याचे अपघात सर्दीपेक्षा कितीतरी वाईट असतात. मुलं खोलीत नकोत. पाच-सात मिनिटं, साधं पाणी पुरे. बाम किंवा मेंथॉल घातल्यावर नाक उघडल्यासारखं वाटतं, पण नाकातून जाणारी हवा वाढत नाही. मेंथॉल फक्त गारव्याची जाणीव देतं. ज्याला तेवढ्यानेही बरं वाटतं त्याने जरूर घालावं, डोळे मिटून. ओव्याची पुरचुंडी त्याहून सुटसुटीत: दोन चमचे ओवा तव्यावर वास सुटेपर्यंत भाजा, सुती फडक्यात बांधा, स्वतःच्या मनगटावर टेकवून बघा आणि मग हुंगा.

घसा खवखवत असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार गुळण्या. चार वर्षांच्या मुलीला अजून गुळण्या जमत नाहीत, ती पाणी गिळते; तिला कोमट पाण्याचे घोट द्या.

सासऱ्यांच्या काढ्यातला ज्येष्ठमध आजपासून बंद. ज्येष्ठमधातला ग्लिसरायझिन हा घटक शरीरात सोडियम धरून ठेवतो आणि पोटॅशियम बाहेर टाकतो, त्यामुळे बीपी वाढतं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पोटॅशियम दोन्हीकडून घटतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. आठवडाभर घेतला असेल तर बीपी मोजून घ्या. गुळवेलही नको, २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता, पण दिसायला तशाच वेली बाजारात असताना आणि सर्दीला तिची गरज नसताना जोखीम कशाला घ्यायची?

त्यांच्यासाठी काढा असा करा: दोन कप पाण्यात बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून, दोन मिरे, गवती चहाची एक पात. झाकण ठेवून दीड कप होईपर्यंत मंद आचेवर. तुळशीची पाच-सहा पानं गॅस बंद केल्यावर घाला आणि पाच मिनिटं मुरू द्या. उकळत ठेवली की सुगंधी तेल उडून जातं आणि नुसता कडवटपणा राहतो. गूळ, मध काही नको. एका छोट्या चमचाभर मधातही सहा ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि आजारपणात शुगर आधीच चढलेली असते. हा काढा दोनदा पुरे. मिरी, सुंठ, दालचिनी वाढवत नेली की सर्दी राहते बाजूला आणि पित्त उसळतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आलं आणि हळद जेवणात असतात तेवढीच. सर्दीच्या तयार गोळ्यांत बहुधा फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. पहिल्याने बीपी वाढतं, दुसऱ्याने प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते. अंगदुखी-तापाला त्यांनी नुसती पॅरासिटामॉल ५०० घ्यावी, दोन गोळ्यांत सहा तास ठेवून.

दुधाने कफ वाढतो म्हणून त्यांचं हळदीचं दूध बंद केलं असेल तर खुशाल सुरू करा. दुधाने लाळ थोडी दाट लागते, कफ वाढत नाही. कपाला पाव चमचा हळद, चिमूटभर मिरपूड, साखर न घालता. जेवणात मुगाचं कढण करा: पाव वाटी मूगडाळ चार वाट्या पाण्यात शिजवून घोटायची, वरून तुपात जिरं आणि किसलेलं आलं, मीठ बेताचं. गरम पातळ पदार्थाने घसा आणि नाक लगेच हलकं वाटतं, आणि तोंडाला चव नसतानाही ते जातं. आवळे हंगामात आहेत, खा. पण सर्दी झाल्यावर सुरू केलेल्या सी व्हिटॅमिनने ती लवकर बरी होत नाही.

सासऱ्यांना दम लागला, छातीत दुखलं, बोलण्यात गोंधळ वाटला किंवा शुगर आवरेना झाली तर घरचे उपाय थांबवून दवाखाना. घरात कुणाचाही ताप तीन दिवसांपेक्षा लांबला, बरं वाटून पुन्हा ताप चढला, कान ठणकायला लागला किंवा दहा दिवसांनंतरही उतार नाही, तरी दाखवा.

फ्रिजमधली अँटिबायोटिकची बाटली फेकून द्या. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. शेंबूड हिरवा झाला म्हणजे जिवाणू आलेच असंही नाही. आपल्याच पांढऱ्या पेशी लढायला आल्या की त्यांच्यातल्या द्रव्याने तो रंग येतो. शिवाय पाणी घालून तयार केलेलं अँटिबायोटिकचं सिरप साधारण आठवडा-दोन आठवड्यांत निकामी होतं, नेमके दिवस बाटलीवरच लिहिलेले असतात.

राहिला प्रश्न घरभर फिरणाऱ्या सर्दीचा. ती थंडीने होत नाही. थंडीत आपण दारं-खिडक्या लावून एका खोलीत बसतो म्हणून पसरते, शिंकेतून आणि मुख्यतः हातांवरून. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवा. बाळाला घेण्याआधी साबणाने वीस सेकंद हात धुवा, आणि तुम्हाला सर्दी असताना दूध पाजताना तोंडाला मास्क किंवा पदर बांधा. पाजणं मात्र थांबवू नका, तुमच्या दुधातून बाळाला प्रतिकारशक्ती मिळते. दुपारी ऊन आलं की अर्धा तास खिडक्या उघडा. मुलीला ताप उतरून पूर्ण दिवस झाला, ती खातेय-खेळतेय, तर थोडं नाक वाहत असलं तरी शाळेत पाठवायला हरकत नाही. दप्तरात दोन रुमाल द्या आणि एक नाकपुडी दाबून हलकेच शिंकरायचं तिला घरीच शिकवून ठेवा.